जमीन तयार नाही

टणकनानांना आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण ते कागदोपत्रीच राहिलं. उभी हयात त्यांनी क्रिकेटच्या मैदानावर खेळपट्टी राखण्यात घालवली आणि हे दुसरं नाव त्यांना मैदानाने दिलं. सामन्याच्या सकाळी नाना खेळपट्टीच्या मधोमध उकिडवे बसायचे, दार ठोठावावं तशी बोटांच्या पेरांनी जमीन वाजवायचे, मान तिरकी करून आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "टणक." की झालं. मग खुशाल नाणं उडवा. पण आवाज मनासारखा आला नाही तर ते उठून कमरेवर हात ठेवून तिथेच उभे राहायचे आणि दोन्ही कप्तानांना सांगायचे, "जमीन तयार नाही." त्यानंतर पाऊल पुढे टाकायची कुणाची टाप नव्हती. भले भले फलंदाज पॅड बांधून झाडाखाली चकाट्या पिटत बसायचे.

या 'टणक'साठी नाना काय काय करायचे! माती चाळायची, भुरभुरवायची, पाणी मारायचं, ते मुरेपर्यंत धीर धरायचा, मग रोलर ओढायचा. गोलंदाजाच्या पावलांनी खड्डा पडला की ओली चिकणमाती भरून धुमसाने, म्हणजे जमीन ठोकायच्या त्या जड लाकडी ठोकळ्याने, ठोक ठोक ठोकायचं. टप्पा पडलेला चेंडू छातीपर्यंत उसळला की नानांची स्वतःची छातीही तेवढीच वर यायची. चेंडू जमिनीलगत सरपटत गेला, तर त्या दिवशी नानांना जेवण जात नसे. "मेलेली जमीन," ते म्हणायचे, आणि असं म्हणायचे की जणू घरातलंच कोणी गेलं. रोलर ओढून ओढून त्यांचे दोन्ही खांदे कामातून गेले. हात खांद्याच्या वर जाईना. सदरा चढवायला बायको लागायची, आणि ती रोज सकाळी म्हणायची, "जमीन टणक केलीत आणि स्वतः आखडलात."

घरामागचं अंगणही त्याच हाताचं. त्याच्यावर डबा पडला तर चार घरं पलीकडे कळायचं. त्याच अंगणात नानांनी स्वतः बांधलेल्या दोराच्या झोक्यावरून त्यांची मुलगी लहानपणी पडली होती. मनगट मोडलं, आणि जुळलं ते जरा तिरकंच जुळलं. घरात याची लपवाछपवी कधी नव्हती. चहाचा कप पुढे करताना ती स्वतःच म्हणायची, "नीट धरा, माझा हात वाकडा आहे." मोठी होऊन ती इस्पितळात एक्स-रे काढायच्या खोलीत नोकरीला लागली. लोक म्हणायचे, काय योगायोग!

तिचा नवरा सुतार. तो सासुरवाडीलाच राहायचा, पण त्याला घरजावई म्हणून चिडवायची सोय नव्हती, कारण घराचं एकूण एक दार-खिडकी त्याच्या हातची होती. पुढच्या पडवीत त्याची करवत दिवसभर किरकिरायची. आणि या दोघांची मुलगी म्हणजे खारूताई. चालायला लागली ती सरळ वरच्या दिशेला. टाकीवर खारूताई, दाराच्या चौकटीत खारूताई. एके दिवशी आजी कपाटावरची बॅग काढायला गेली, तर बॅगेशेजारी मांडी घालून ही बसलेली. आजीने जी किंकाळी फोडली, ती पुढे आठवडाभर सगळ्यांच्या कानात होती.

"हिला खाली ठेवणं आपल्या हातात नाही," जावई म्हणाला. "मागे चढायचंच काहीतरी करून देतो. शिडी, झोका, घसरगुंडी, आणि वर लोंबकळायला दांड्या."

"करा," नानांची मुलगी म्हणाली, "पण आधी खालची जमीन. जमीन झाल्याशिवाय एक खिळा ठोकायचा नाही."

नाना खुर्चीत ताठ झाले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. "जमीन ना? ती माझ्यावर सोड."

"त्याचीच तर भीती वाटते, बाबा."

मग तिने नानांचाच जुना चेंडू घेतला, स्टुलावर चढली आणि हात उंच करून तो अंगणात सोडला. खणकन आवाज आला आणि चेंडू टणकन उडून पुन्हा तिच्या कमरेपर्यंत आला.

"वा!" नानांच्या तोंडून निघून गेलं.

"वा काय, बाबा? चेंडू वर कशाने आला? ही जमीन काही घेतच नाही. तुम्ही जे द्याल ते तसंच्या तसं परत करते. चेंडूला परत केलं की तो उसळतो. पोरीला परत केलं की हाड मोडतं. मी रोज बघते ती हाडं."

उसळी म्हणजे त्यांच्या जन्माची कमाई. तिच्याकडे पडणाऱ्याच्या बाजूने बघायचं, हे त्यांना आजवर सुचलंच नव्हतं. पण माणूस मुळात जमिनीचा शौकीन. कोडं पडलं की ते सुटेपर्यंत त्याला चैन नाही. दुसऱ्या दिवसापासून म्हातारा चेंडू खिशात टाकून गल्लीभर हिंडायला लागला. शेजाऱ्याच्या हिरवळीवर टाकून बघितला. मऊ दिसते, पण खाली तीच घट्ट माती, चेंडू उडालाच. पुढच्या बांधकामावर वाळूचा ढीग होता, तिथे चेंडू बसला तो बसलाच. वाळू नाना घरी आणणारच होते, पण बायको म्हणाली, "आणा, आणा. गल्लीतल्या सगळ्या मांजरांची सोय होईल." शिवाय ओली वाळू दाबली गेली की कशी आवळून बसते, ते नानांनाच पक्कं ठाऊक होतं. बारीक गोल खडे आणून पाहिले, तर खारूताईने पहिला खडा नाकात घातला. तो काढायला तिच्या बापाला कापसाच्या काडीपासून शिंका आणायच्या तपकिरीपर्यंत सगळं करावं लागलं. जावई म्हणाला, माझ्या पडवीत भुशाचे डोंगर पडलेत, तेच टाकू. पण भुसा पावसात कुजून लगदा होतो, आणि त्यात खिळे कुठे दडले असतील ते देवाला माहीत. रबराच्या लाद्यांचं निघालं. एवढ्या उंचीसाठी त्या जाड लागणार, उन्हात तापणार, आणि त्यांच्याखाली जमीन सपाट नि घट्ट करावी लागणार. 'घट्ट' ऐकून नानांचा चेहरा असा काही उजळला, की मुलीने तो बेत तिथेच रद्द केला.

शेवटी रस्त्याकडेच्या फांद्या छाटणारे लोक आले. त्यांच्या गाडीमागे फांद्या चावून ढलप्या ओकणारं एक यंत्र होतं. त्या ढलप्यांचा ढीग जावयाने अंगणाच्या कोपऱ्यात उतरवून घेतला. मुलीने स्टूल लावलं आणि चेंडू सोडला.

फस्स.

बस्स, एवढंच. चेंडू दिसेना. नाना ढिगाजवळ गेले, वाकले, आणि भोकात डोकावून बघत राहिले. "गेला कुठे?" ते पुटपुटले. त्यांच्या अंगावर काटा आला होता. जिने इतक्या उंचीवरून आलेलं सगळं गिळून टाकलं आणि हूं का चूं केलं नाही, अशी जमीन त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

मग आपलंच अंगण नानांनी आपल्याच कुदळीने फोडलं, जावयाच्या मदतीने. हात वर जात नव्हते, त्यामुळे कुदळ कमरेपासूनच मारायची. प्रत्येक घावाला जुनी जमीन ठणठण बोलायची आणि बायको खिडकीतून म्हणायची, "रडतेय बिचारी." फूटभराहून खोल ढलप्या भरल्या. शिडी-झोक्याचा सांगाडा येणार तेवढ्याच जागी नाही. पोर कुठूनही उडाली तरी ढलप्यांतच यावी म्हणून चहूबाजूंनी चांगल्या मोठ्या माणसाच्या उंचीइतक्या लांब, आणि झोक्याच्या पुढे-मागे त्याच्याही दुप्पट. कडेला नानांना दगड लावायचे होते. "डोकं आपटायला?" मुलीने विचारलं. मग कडा घासून गोल केलेल्या फळ्या लागल्या. मग जावयाने सांगाडा उभा केला आणि प्रत्येक खांबावर एक खाच पाडली: ढलप्या या खाचेखाली कधी जाता कामा नयेत.

राखणीचं काम अर्थात नानांकडे आलं. झोक्याखालून आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी पायांनी उडालेल्या ढलप्या रोज सकाळी दाताळ्याने परत ओढायच्या, काच-खिळा-मांजराची कृपा वेचून काढायची, पाऊस पडून गेला की सगळं उकरून मोकळं करायचं, आणि खाच उघडी पडायला लागली की नवी भर घालायची. "उकरून, बाबा. ठोकून नाही," मुलगी म्हणाली. नानांनी मान हलवली. मान हलवायला खांदे लागत नाहीत.

आणि खारूताई लोंबकळायला लागली. नाना खुर्ची टाकून बघत बसायचे. खालच्या दांडीवरून ती हात सोडायची, आणि सोडताना तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नसायचा. हवेत असताना ती हसायची! नानांना त्याचंच अप्रूप. माणूस मोठा होता होता हे विसरतो कधी? ती पडायची, उठायची, अंगावरच्या ढलप्या झटकून पुन्हा शिडीला लागायची, आणि नाना पहिल्यांदाच बघत असल्यासारखे आ वासून बघायचे.

फक्त एक गोष्ट त्यांना खुपायची. पोरगी खालच्या दांडीवरून रोज एकाच ठिकाणी पडायची, उंच दांड्यांच्या बरोबर खाली. तिथे खड्डा पडायचा. ओढून बुजवला, दुपारी पुन्हा खड्डा. हुबेहूब गोलंदाजाच्या पावलांचा खड्डा. तसला खड्डा दिसला की नानांचे हात शिवशिवायचे. जित्याची खोड, दुसरं काय? एका सकाळी त्यांनी मूठभर माती चाळली, खड्ड्यात भुरभुरवली आणि थोडं पाणी मारलं. ढलप्या जागच्या हलू नयेत, इतकंच मनात होतं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी चिकणमाती. मग अडगळीतला धुमस बाहेर आला. हलकेच दोन ठोके, जास्त नाही. वरून ताज्या ढलप्या पसरल्या की कुणाच्या डोळ्यांवर येण्यासारखं काही नव्हतं, आणि खालच्या दांडीवरून पडणाऱ्या पोरीला तेवढ्या ढलप्या पुरायच्या. नाना काही चोरून करत नव्हते हो! काळजीने करत होते. आयुष्यभर ज्या काळजीला शाबासकी मिळाली, तीच काळजी.

असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी, मुलगी कामावर गेलेली, बायको बाजारात, पुढे करवत किरकिरतेय, अशा वेळी नाना दांड्यांखाली उकिडवे बसले. वरच्या ढलप्या बाजूला सारल्या आणि सवयीने पेरं वाजवली.

"टणक," नाना समाधानाने म्हणाले.

तो शब्द त्यांच्या स्वतःच्या कानावर पडला आणि तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पुन्हा वाजवून बघितलं. सामन्यासाठी हवी तशी, अगदी तश्शी. चेंडू छातीपर्यंत आला असता.

"आजोबा, बघा ना!"

नानांनी वर बघितलं. खारूताई सगळ्यात उंच दांड्यांवर जाऊन बसली होती, आजवर कधी गेली नव्हती तिथे. दोन्ही पाय मोकळे सोडलेले. "आज इथून!"

नानांनी हात वर करायला घेतले. ते खांद्यापाशीच अडले. जावयाला हाक मारावी तर करवतीपुढे ती कुठली पोहोचायला! आणि पडवीपर्यंत धावत जावं, तर तेवढ्यात पोरीने हात सोडला तर? नाना उभे राहिले. कमरेवर हात ठेवले. कसा कोण जाणे, पण भल्या भल्या कप्तानांना जागच्या जागी थांबवणारा तो जुना आवाज त्यांच्या पोटातून निघाला.

"थांब! जमीन तयार नाही."

खारूताईने दांडी घट्ट धरली. हे वाक्य तिला ठाऊक होतं. घरात जेवायला उशीर झाला तरी सगळे ते नानांच्या आवाजात म्हणायचे. पण खुद्द नानांच्या तोंडून तिने ते कधी ऐकलं नव्हतं. "किती वेळ लागेल?" तिने कप्तानाच्या थाटात विचारलं.

"मी म्हणेपर्यंत. खांबाला मिठी मार आणि हलू नकोस."

"मला उतरता येत नाही, आजोबा. चढता येतं फक्त."

"मग बसून राहा. मी करतोय."

फळीला टेकवलेली कुदळ नानांनी ओढली आणि कमरेतून घाव घातला. स्वतः ठोकलेली माती तुटता तुटेना. इतकं चांगलं काम त्यांनी मैदानावरही क्वचितच केलं असेल. घाव पडत होते, ढेकळं उडत होती, सदरा पाठीला चिकटला होता. वरून विचारणा चालू होती. "झाली?" "नाही." "आता?" "नाही." "आजोबा, माझे हात दुखायला लागले." तेव्हा मात्र नाना कुदळ टाकून गुडघ्यांवर बसले आणि नखांनी ढेकळं उपसायला लागले. ओंजळी भरभरून माती बाहेर फेकली, घसरगुंडीकडच्या, झोक्याकडच्या, दिसतील तिथल्या ढलप्या दाताळ्याने आत ओढल्या, हाताने उसवून फुलवल्या, पुन्हा ओढल्या, खांबावरची खाच झाकली जाईपर्यंत. मग त्यांनी मूठ वळून पेरं वाजवली.

आवाज आला नाही. मनगटापर्यंत हात आत गेला.

"तयार," नाना म्हणाले. त्यांना दम लागला होता. "आधी हातांनी लोंबकळ. मग सोड."

खारूताई वळली, लोंबकळली, आणि तिने हात सोडले. करवत चालूच असणार, पण नानांना काही ऐकू येत नव्हतं. फस्स. ती पोटऱ्यांपर्यंत रुतली, मागे कलली आणि ढबकन बसली. एक क्षण गेला. मग ती खिदळायला लागली. नाना तिच्याशेजारी बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पोरीने त्यांच्या गालाला चिकटलेली ढलपी काढली आणि गंभीरपणे विचारलं, "आजोबा, तुम्ही पण पडलात?"

संध्याकाळी मुलगी आली, तेव्हा नाना अंगणातच होते. दांड्यांखालचं सगळं त्यांनी पुन्हा तळापासून उपसून काढलं होतं, आणि मातीची ढेकळं फळीबाहेर मुद्दाम रचून ठेवली होती, दिसावीत म्हणून. ती काही विचारायच्या आत ते म्हणाले, "मी इथे खेळपट्टी केली होती गं. रोज थोडी थोडी. आज पोरगी वर बसली होती, आणि खाली टणक होतं." मग एका दमात सगळं सांगितलं. कुदळीचं, खाचेचं, नखांचं.

मुलीने एक ढेकूळ उचलून कडेच्या फळीवर आपटलं. ते फुटलं नाही. तिचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "बाबा, मी तुम्हाला..." ती म्हणाली आणि थांबली. नाना मान खाली घालून उभे. त्यांची नखं फुटलेली, बोटं सोललेली. ती त्या बोटांकडे बराच वेळ बघत राहिली.

मग तिने घरातून चेंडू आणला आणि उंचावरून सोडला. फस्स. दुसऱ्या जागी सोडला. फस्स. नाना तिसरी जागा दाखवायला पुढे झाले, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि शिडी चढायला लागली.

"अगं, तू काय करतेस?" खिडकीतून तिची आई ओरडली.

ती सगळ्यात वरच्या दांडीला लोंबकळली. लहानपणीच्या त्या झोक्यानंतर ती कुठे लोंबकळलेली नानांनी कधी पाहिली नव्हती. एक हात सरळ होता, एक मनगटात जरासा तिरका. नानांनी नकळत हात पुढे केले. ते खांद्यापर्यंतच आले. तिने डोळे मिटले आणि दांडी सोडली.

ती पडली, रुतली, तोल जाऊन त्या तिरक्या हातावरच टेकली, आणि तशीच राहिली. अंगणात कुणी हललं नाही. मग तिने हात ढलप्यांतून बाहेर काढला, मनगट इकडून तिकडून फिरवून बघितलं. तिने वर नानांकडे बघितलं, तेव्हा तिचा चेहरा खारूताईएवढ्या पोरीचा झाला होता.

"बाबा," ती म्हणाली, "लागलंच नाही."

ती उठून बाजूला झाली. ती पडली होती तिथे दोन पावलांचे खड्डे होते आणि शेजारी एका हाताचा, पाचही बोटांसकट. बुजवायला म्हणून नानांनी दाताळं उचललं. मग ते पुन्हा फळीला टेकवून ठेवलं आणि अंधार पडेपर्यंत त्या खड्ड्यांकडे बघत बसले.